मास्तरांची कंबर

आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास, असं पाचवं वर्ष चाललं होतं. डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर कुठे बसलं की पाठीला कमी कळ लागते, हे मास्तरीणबाईंना पाठ झालं होतं. नवरा टेलरमास्तर, म्हणून त्या मास्तरीण. स्वतः त्यांना साधं बटण लावायचं म्हटलं तरी कंटाळा येई.

दीड वर्षापूर्वी मास्तरांच्या रक्तात कोलेस्टेरॉल दोनशे चाळीस निघालं होतं. चरबीचे बाकीचे आकडेही चढलेले. डॉक्टरीण म्हणाली होती, “तेल-तूप जरा बेतानं.” बाईंनी त्यातला ‘जरा’ ऐकलाच नाही. तेलाची बाटली माळ्यावर गेली. डायलिसिसच्या पथ्यापायी भाजी आधीच दोनदा उकळून पाणी फेकलेली, त्यात आता फोडणीही नाही. अंड्याचं पांढरं रोज खा म्हणून याच दवाखान्यात सांगितलं होतं, पण अंडं ते अंडं, म्हणून बाईंनी तेही बंद केलं. मास्तर समोर येईल ते गिळत. तक्रार करायलाही अंगात त्राण लागतं.

आणि आज कागदावर आकडा होता एकशे बारा. बाईंनी तो तीनदा वाचला. मूत्रपिंडं हातची गेली ती गेली, निदान हृदय तरी आपण राखलं, असं त्यांना वाटलं. फार दिवसांनी त्यांना स्वतःचं कौतुक वाटत होतं.

“छान आलाय ना?” आत मास्तरांच्या खाटेपाशी त्यांनी डॉक्टरणीला विचारलं.

डॉक्टरीण हसली नाही. “मावशी, इतका खाली यायला नको होता. डायलिसिसच्या माणसाचं कोलेस्टेरॉल असं उतरलं, की पोटात पुरेसं जातंय का, अशी आधी शंका येते. प्रथिनंही कमी झालीत. त्यात काकांना आडवं झालं की धाप लागते.”

“पण वजन तेच आहे की. एकसष्ट. तसूभर हललं नाही.”

“तिथंच फसायला होतं. अंगावरचं मांस झडलं आणि तेवढंच पाणी साठलं, तर काटा एकसष्टच दाखवणार. डायलिसिसमध्ये काटा एकसष्टवर आला की आम्ही पाणी काढायचं थांबवतो. उरलेल्याचा भार हृदयावर. कपडे सैल झालेत का?”

बाईंना रागच आला. दीड वर्ष राबायचं आणि वर उपाशी मारल्याचा ठपका घ्यायचा. त्यांनी खाटेकडे बोट केलं. “बघा ना, पँट कशी मापात बसलीय.”

मास्तर नळीतल्या रक्ताकडे बघत राहिले.

“मग तूर्त एकसष्टच ठेवू,” डॉक्टरीण म्हणाली. “उगाच जास्त पाणी ओढलं तर प्रेशर पडेल. छातीचा फोटो काढून बघू.”

घरी आल्यावर मास्तर खुर्चीत जे बसले, ते बसलेच. पँटींची इस्त्री ते कुणाला करू देत नसत, पण आज त्यांच्याच्यानं उठवेना. दुपारी बाईंनी धुतलेली पँट घेतली आणि त्यांच्याच पद्धतीनं आधी उलटी केली.

आत शिवणीच्या तीन ओळी होत्या. पहिलीचा दोरा धुऊन धुऊन विटलेला, तिसरीचा अजून कोरा. बाईंनी मशीनच्या खणातली टेप काढली. कंबर चार इंच आत घेतलेली होती. हात असा सफाईदार, की बाहेरून सुरकुतीसुद्धा नाही.

त्या पँट घेऊन खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. “हे कधी केलंत?”

“तू बाजारात गेलीस की.”

“आणि आज ती विचारत होती, तेव्हा तोंडाला कुलूप?”

मास्तरांनी दम घेतला. “काय सांगायचं? दर रिपोर्टला तुझा चेहरा फुलायचा. पाच वर्षांत दुसऱ्या कशानं फुललेला मी पाहिला नाही.”

बाईंना खूप बोलायचं होतं. ओरडायचं होतं. गिऱ्हाइकांची पोटं झाकता झाकता या माणसाला स्वतःचं पोट झाकायची खोड लागली, हेही ऐकवायचं होतं. पण त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि पँटीत तोंड घालून रडल्या. मास्तरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हात किती हलका झालाय, ते बाईंना तेव्हा कळलं.

पुढच्या खेपेला बाईंनी ती पँट उलटी करून डॉक्टरणीच्या टेबलावर पसरली. “परवा मी खोटं बोलले,” त्या म्हणाल्या. “मला ठाऊक नव्हतं, पण खोटंच.” डॉक्टरणीनं तिन्ही शिवणींवरून बोट फिरवलं, मास्तरांकडे एकदा पाहिलं आणि एकसष्ट खोडून साठ लिहिलं. पुढे हळूहळू आणखी उतरवू म्हणाली. आणि रोज अंड्याचं पांढरं, भाजीला तेलाची फोडणी.

तीन आठवड्यांत काटा अठ्ठावन्नवर आला. मास्तर धाप न लागता एका उशीवर झोपू लागले. पाणी उतरलं तशी पँट पुन्हा ढिली झाली आणि ते मशीनवर बसले, या वेळी बाईंच्या देखत. बाईंनी उकडलेल्या अंड्यांची ताटली त्यांच्या कोपराशी ठेवली आणि मशीनचं चाक हातानं धरलं.

“मशीन नको,” त्या म्हणाल्या. “हातानं कच्चे टाके घाला. आपल्याला उसवायचेत.”

मास्तरांनी सुई शोधली. दोरा मात्र बाईंनीच ओवून दिला.