किल्ली काढल्यावर

मास्तर ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं आणि आरसा सरळ करायला हात वर नेला. आरसा फारच खाली झुकलेला होता. मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी मागची सीट दिसावी, असा कुणीतरी मुद्दाम लावून ठेवलेला. आणि त्या आरशात त्यांना एक म्हातारी दिसली.

मांडीवर छोटी पर्स, पर्सवर दोन्ही हात, नजर समोर. पापणीसुद्धा हलत नव्हती.

मास्तर ताडकन बाहेर आले. "अहो, गाडीत कुणीतरी बसलंय!"

यार्डवाल्यानं मान वर करून पाहिलं आणि हसला. "त्या आजी होय? बसू द्या. त्यांच्या मिस्टरांचीच गाडी. ते गेले, तर मुलानं आमच्याकडे विकायला लावलीय. आजी रोज दहाच्या सुमाराला येतात, मागं बसतात, जेवायच्या वेळेला उठून जातात. आम्ही आपलं मागचं दार उघडं ठेवतो."

"आणि गाडी विकली गेल्यावर?"

"मग सवय मोडेल, दुसरं काय!"

मास्तरांनी कुठल्या शाळेत कधी शिकवलं नव्हतं. छत्तीस वर्षं गाड्या दुरुस्त करण्यात गेली होती. बॉनेटवर तळहात टेकवायचा, डोळे मिटायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचं की कुठल्या पिस्टनचं काय दुखतंय. त्यावरून लोकांनी नाव पाडलं, कानमास्तर. वापरलेली गाडी घ्यायची म्हटलं की लोक आधी त्यांना गाठायचे. "मास्तरांनी ऐकली का?" एवढंच विचारायचे. ऐकली असेल तर बिनधास्त घ्यायचे.

पण गेल्या वर्षभरात काहीतरी झालं होतं. एका सकाळी खिडकीकडे पाठ करून बसले असताना ते बायकोला म्हणाले होते, "समोरच्या झाडावरची पाखरं कुठं गेली गं सगळी? किती दिवस झाले, एकाचा आवाज नाही." बायको हातातलं काम टाकून जवळ आली, झाडाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान वळवली. झाड पाखरांनी नुसतं भरलेलं होतं. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. ती पुन्हा कामाला लागली. त्यांनीही विषय वाढवला नाही. जाड आवाज सगळे येत होते. माणसांचं बोलणं, दारं, इंजिनाची धडधड. बारीक, उंच आवाज तेवढे कुणीतरी कात्रीनं कापून नेले होते. हे त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. कानमास्तरला कमी ऐकू येतं, हे सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

आज त्यांना घेऊन आली होती ती इस्पितळातली एक सिस्टर. ती टेकडीवर राहायची. आईला आठवड्यातून तीनदा खाली इस्पितळात न्यावं लागे, आणि भाड्याच्या गाड्या एवढा चढ चढायला नाखूश असत. तिची जुनी गाडी चढावर दोनदा बंद पडली होती, एकदा तर आई आत असताना. म्हणून आता दुसरी गाडी घ्यायचीच, असं ती इरेला पेटली होती. यार्डात तिच्या आवाक्यातल्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही डिझेल, एकच मॉडेल, एकच साल, दोन्हींचा रंग राखेसारखा. फरक एवढाच की एक टर्बो होती आणि एक साधी.

"मला एकदा नीट समजावून सांगा, मास्तर," सिस्टर म्हणाली. "हा टर्बो म्हणजे नक्की काय?"

"इंजिनातून धूर बाहेर पडतो ना, तो फुकट जाऊ द्यायचा नाही. त्याच्या झोतावर एक पंखा फिरवायचा आणि त्या पंख्यानं इंजिनात जास्त हवा कोंबायची. इंजिन तेवढंच, पण जोर दीडपट. चढावर कळतं. साधी गाडी पण चढते, फक्त धापा टाकत."

"मग टर्बोच घेऊ की!"

"पण तो पंखा मिनिटाला लाखभर फेरे घेतो. त्याला तेल चांगलं लागतं, मालक शहाणा लागतो. साधीला काय, काही केलं तरी चालते. टर्बो बिघडला की मग खरं नाही."

"म्हणून तर तुम्हाला आणलंय ना!" सिस्टर हसली.

आधी त्यांनी साधी गाडी ऐकली. खणखणीत, जाड, ओळखीचा आवाज. दुसऱ्या पिस्टनपाशी किंचित ठोका होता, वयाला शोभेल एवढाच. मग ते आजी बसलेल्या टर्बोकडे वळले. बॉनेट उघडलं. आत सगळं चकाचक होतं. हवेच्या पाइपाचा जोडसुद्धा नुकताच पुसल्यासारखा. एरवी त्यांनी तो पाइप सोडवून आत बोट फिरवून तेल लागतंय का बघितलं असतं, पण यार्डवाला म्हणाला, "टर्बो नवीन टाकलाय, मास्तर. तुम्ही फक्त ऐका." आणि गाडी त्यानं सुरू केली.

मास्तरांनी तळहात टेकवला, डोळे मिटले. आवाज स्वच्छ होता. इतका स्वच्छ की त्यांना बरं वाटलं.

"ही शिट्टी कसली?" सिस्टरनं विचारलं.

मास्तरांनी डोळे उघडले. "कुठली शिट्टी?"

"ही काय! येतेय ना आता. कुणीतरी लांबून हाक मारल्यासारखी."

"टर्बो म्हटला की थोडी शिट्टी असतेच हो," यार्डवाला म्हणाला.

"आधी एवढी नव्हती." हे गाडीच्या आतून आलं. आजी समोर बघतच बोलल्या होत्या.

मास्तर उभे राहिले. तिघं जण काहीतरी ऐकत होते. त्यांच्या तळहाताखालीच ते होतं आणि त्यांना त्याचा मागमूस नव्हता. यार्डवाला त्यांच्या तोंडाकडे बघत होता. सिस्टरही बघत होती. आता मास्तर बोलणार आणि त्यावर ठरणार.

"नॉर्मल आहे," मास्तर म्हणाले.

चढावर चालवून बघायचं ठरलं. यार्डवाल्याकडे तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, म्हणून तो थांबला. आजींना उतरा म्हटलं तर त्या उतरेनात. "मी येते," म्हणाल्या. "मला बसायला हवं." त्यात काही विनवणी नव्हती. सिस्टरला असली माणसं रोजची. तिनं मास्तरांना नजरेनंच 'असू द्या' म्हटलं आणि पुढं येऊन बसली.

टेकडीचा रस्ता सुरू झाला आणि गाडी झेपावली. सिस्टरची कळी खुलली. "बघा ना, दुसऱ्या गिअरमध्ये पण टाकावी लागत नाहीये! आईला कळणारसुद्धा नाही चढ कुठला ते." मास्तर हं हं करत होते. त्यांनी आरसा सरळ केला होता, तरी तो पुन्हा खाली आला होता. स्क्रू ढिला असेल. आरशात आजींचे ओठ हलत होते. काहीतरी पुटपुटत होत्या, पाठ म्हणावी तसं.

"वाढलीय हो शिट्टी," सिस्टर म्हणाली. आता ती हसत नव्हती.

शेवटच्या वळणापाशी मास्तरांनी अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गाडीचा वेग कमी झाला नाही.

त्यांना वाटलं, पेडल अडकलं. बोटानं उचललं, ते मोकळंच होतं. क्लच दाबला तसं इंजिन आणखी किंचाळलं. हा आवाज मात्र त्यांनाही आला. त्यांनी दोन्ही पाय दाबून गाडी कडेला घेतली आणि थांबवली. मागची काच निळ्या-पांढऱ्या धुरानं भरून गेली, रस्ता दिसेनासा झाला. त्यांनी किल्ली फिरवून बाहेर काढली.

इंजिन चालूच राहिलं.

किल्ली त्यांच्या हातात होती आणि गाडी उभ्या जागी थरथरत, ओरडत होती, इंजिनाचा वेग आपला आपण वर वर चढत चालला होता. काय झालंय ते त्यांना ठाऊक होतं. टर्बोतलं तेल अडवणारं सील फुटलं की इंजिन डिझेल सोडून स्वतःचंच तेल पिऊ लागतं. मग किल्लीचं ते ऐकत नाही, कुणाचंच ऐकत नाही. छत्तीस वर्षांत त्यांनी हे नुसतं ऐकलं होतं, कुणाकुणाच्या तोंडून. उपायही ठाऊक होता. पण हात किल्लीवर वळलेला तो सुटेना. ते नुसते त्या किल्लीकडे बघत राहिले.

"पाचव्यात टाका."

आजींचा आवाज होता. मागून, अगदी कानाजवळ, संथ.

"पाचव्यात टाका. ब्रेकवर उभे राहा. आणि क्लच एकदम सोडा."

आजींनी सांगितलं तसं मास्तरांनी केलं. गाडीला प्रचंड हिसका बसला, सिस्टर पुढं आदळता आदळता वाचली, आणि सगळं बंद पडलं. धूर तेवढा हळूहळू वर जात होता.

तिघंही उतरले. मास्तरांनी चाकांखाली दगड लावले. सिस्टरनं आजींना कठड्यावर बसवलं आणि सवयीनं त्यांची नाडी धरली.

"तुम्हाला हे कसं माहीत, आजी?"

"आमच्याकडे घराच्या फाटकात झालं," आजी म्हणाल्या. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालो होतो. मी मागंच बसायची, मला पाय लांब करायला लागतात. ते आरसा खाली करून माझ्याशी बोलायचे. गाडी अशीच ओरडायला लागली. त्यांनी किल्ली काढली आणि मला दाखवली. म्हणाले, अगं, काढली की! मग तसेच बसून राहिले. मला वाटलं, विचार करतायत. गाडी चालूच होती बराच वेळ. ती थांबल्यावर मी हाक मारली, तर ते केव्हाच गेले होते."

सिस्टरची बोटं नाडीवरच होती.

"नंतर एकानं सांगितलं, असं असं केलं असतं तर बंद पडली असती. तेव्हापासून पाठ करते. मुलगा म्हणतो, गाडी दुरुस्त झालीय. यार्डातल्यांना रोज सांगते, तर म्हणतात, नवीन पार्ट टाकलाय. मला बाई खरं वाटत नव्हतं. सुरू केली की शिट्टी येतच होती. म्हटलं, कुणीतरी घेईल, चालवेल, त्याला कोण सांगणार? म्हणून येऊन बसायची."

सिस्टरनं नाडी सोडली, पण हात धरून ठेवला.

मास्तर कठड्यापाशी पाठमोरे उभे होते. मग वळले. "सिस्टर, मला ती शिट्टी ऐकू आली नव्हती. अजिबात नाही. मी खोटं बोललो. वर्ष झालं, बारीक आवाज येत नाहीत मला. तुमच्या आईला घेऊन तुम्ही या रस्त्यानं..."

सिस्टरला राग आला होता, तो तिनं लपवला नाही. "खोटं बोलायला नको होतं," ती म्हणाली. मग आजींचा हात सोडून पुढं येत, "शिट्टी मला ऐकू आली, पण तिचा अर्थ मला कुठं कळला? कान तपासायचा विभाग आमच्याकडे पहिल्या मजल्यावर आहे. मंगळवारी या. मी असते."

फोन केल्यावर यार्डवाला दुसरी, साधी गाडी घेऊन वर आला. धुरानं तेलकट झालेली मागची काच बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "नवीन टर्बो टाकलाय असं मुलगा म्हणाला होता," तो चाचरत म्हणाला, "मी काय, तेच पुढं सांगितलं."

"आणि आजी रोज सांगत होत्या ते?" सिस्टरनं विचारलं. ओढून न्यायला माणसं येईपर्यंत यार्डवाला तिथंच बंद गाडीपाशी थांबला.

साधी गाडी सिस्टरनं वरपर्यंत स्वतः चालवून बघितली. धापा टाकत, दुसऱ्या गिअरमध्ये, पण न थांबता ती चढली. मास्तर शेजारी बसले होते. "आता काय येतंय?" ते विचारत होते, आणि ती ऐकून सांगत होती. काच खडखडतेय. पट्टा जरा चीं करतोय. "पट्ट्याचं काही नाही, बदलून देतो," मास्तर म्हणाले. "घ्या ही."

उतरताना मास्तरांनी चालवली. आजी मागं होत्या, पाय लांब करून. त्यांच्या घराच्या फाटकाशी मास्तरांनी गाडी थांबवली आणि किल्ली फिरवली. इंजिन एकदा हललं आणि गप्प झालं.

सिस्टरनं उतरून मागचं दार उघडलं. आजी उतरल्या नाहीत. मान किंचित तिरकी करून बसून राहिल्या.

"बंद झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली, आजी."

"पूर्ण?"

मास्तरांनी मागं वळून तळहातावरची किल्ली त्यांना दाखवली. आजींनी ती नीट बघितली. मग पर्स उचलली, सिस्टरच्या खांद्याचा आधार घेतला आणि सावकाश खाली उतरल्या.