आठवं माणूस

म्हातारा गल्लीत शिरला की लोक म्हणायचे, "आले अटवाले काका." त्यात कौतुक असायचं आणि थोडी टरही असायची. काका दोन्ही कौतुक म्हणूनच घ्यायचे. का घेऊ नये? पंख्याच्या मोटरला तार गुंडाळणाऱ्या साध्या कामगाराचा शब्द शहराच्या नियमांत जसाच्या तसा उतरला होता. किती जणांच्या नशिबी येतं असं?

त्याचं असं झालं. पंख्यांचा कारखाना शहरात आला तेव्हा शहरानं त्याला पायघड्या घातल्या. दहा वर्षं कर माफ, का तर लोकांना कामं मिळतील. दहा वर्षं सरली आणि एका सकाळी काका डबा घेऊन फाटकाशी पोहोचले, तर फाटकाला हे भलंमोठं कुलूप. यंत्रं ट्रकांत भरून नेलेली. मालक सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन दुसऱ्या शहरात गेला होता, तिथल्या नव्या माफीवर. कितीतरी घरांच्या पोटावर पाय आला. काकांची मुलगी तेव्हा नववीत होती, वर्गात पहिली. दोन महिन्यांत ती शाळा सोडून एका शिंप्याकडे काज-बटणं करायला लागली. त्यावर काका तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. बोलणार तरी काय?

पुढे शहराला जाग आली. कारखान्यामागची गल्ली ओस पडली होती, ओळीनं गाळे बंद. नवे धंदे यावेत म्हणून पुन्हा करमाफी द्यायचं ठरलं आणि लोकांचं म्हणणं ऐकायला सभागृहात बैठक बोलावली. काका उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा माईक हातात आलेला, पण आवाज कापला नाही.

"माफी द्या, पण बांधून घ्या," ते म्हणाले. "आठ माणसं ठेवतो म्हणाला तर आठ. कागदावर नकोत, हजर पाहिजेत. हजर म्हणजे हजर! आमच्या मालकानं भाचे-पुतणे कामगार म्हणून उभे केले होते, तेव्हा नात्यातलं माणूस मोजायचं नाही. सांगून तपासायला जायचं नाही. आणि एक जरी कमी भरला तरी पहिल्या दिवसापासूनचा कर दंडासकट वसूल करायचा. मुदत नाही, सबब नाही. ज्याच्या मनात पाप नाही त्याला भीती कसली?"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. अट तशीच्या तशी मंजूर झाली. काका त्या दिवशी घरी गेले ते छाती पुढे काढून.

आणि गल्ली? गल्ली भरली नाही. एक किल्लीवाला आला, एक काच कापणारा आला, बस्स. बाकीचे यायचे, गाळा बघायचे, भिंतीवर थाप मारून ओल आहे का पाहायचे, अट वाचायचे आणि निघून जायचे. एकदा बिस्किटांची भट्टी घालायची म्हणून नवं लग्न झालेलं जोडपं आलं. त्यातल्या पोरीनं काकांनाच विचारलं, "काका, तपासायला आले त्या दिवशी एखादं माणूस आजारी असलं तर हो?"

"तर दुसरं ठेवायचं," काका म्हणाले.

"आणि आजारी होतं त्याला काढायचं?"

काकांना राग आला. जोडपं गेल्यावर ते किल्लीवाल्याला म्हणाले, "बघितलंस? धंदा सुरू व्हायच्या आधी पळवाट शोधतात. अशी माणसं गेलेलीच बरी." किल्लीवाला मान खाली घालून कानस चालवत राहिला.

काकांची मुलगी मात्र थांबली. मधल्या काळात तिचं लग्न झालं होतं, पदरी पोरं आली होती, पण तिची सुई सुटली नव्हती. तिला दप्तरं आणि प्रवासी पिशव्या शिवायचा कारखाना काढायचा होता. पाच वर्षं कर माफ होणार होता, त्याच पैशात मशीनं बसत होती. तिनं अट वाचली, पुन्हा वाचली आणि बापाकडे बघितलं.

"बाबा, घेऊ का सवलत?"

"घे बिनधास्त. तुझ्या मनात काय पाप आहे?"

बापाच्या शब्दावर तिनं सही केली.

कारखाना म्हणजे तरी काय, दोन गाळ्यांमधली भिंत पाडून केलेली एक लांब खोली. मधोमध कापायचं टेबल, त्यावर कॅनव्हासचे थर, खडूच्या रेघा, मोठी कात्री. दोन्ही भिंतींना लागून मशीनं. कामाला आठ जण. मुलीला सगळे ताई म्हणायचे आणि काकांना काका. काका रोज यायचे, दाराशी स्टुलावर बसून शिवलेल्या दप्तरांचे लोंबणारे धागे कापायचे. पगार नाही, हजेरी नाही, नुसती हौस. मुलगी मोठ्या कात्रीनं एका दमात कॅनव्हास कापत जायची तेव्हा ते धागा कापायचे विसरून तिच्याकडे बघत बसायचे. ऊर भरून यायचा. पण तोंडानं म्हणायचे, "खडूची रेघ जरा वाकडी आहे हो तुझी."

आठांमधली एक होती चेनवाली. दप्तरांना चेन बसवायचं काम तिचं. तिच्याइतका सफाईदार हात कुणाचा नव्हता. पाचव्या वर्षी, माफी पुरी व्हायला थोडे महिने उरले असताना, एका सकाळी तिची शेजारीण धापा टाकत दारात आली. चेनवालीच्या पोराला ताप चढून फिट आली होती, दवाखान्यात नेलं होतं. चेनवाली उठली, पण जागची हलेना. मशीनकडे बघे, ताईकडे बघे. अट सगळ्यांना तोंडपाठ होती.

"ताई, तपासनीस नेमका आज आला तर..."

"तू जा आधी!" ताई ओरडलीच तिच्यावर. "पोर तिकडे एकटं आहे. पळ!"

चेनवाली गेली. काकांना वाटलं, म्हणावं, तासभर थांबव, बदली माणूस मिळतंय का बघू. पण कुठल्या तोंडानं म्हणणार? ते धागे कापत राहिले.

आणि नको तेच झालं. दुपारी किल्लीवाला धावत आला. "ताई, तपासनीस काचवाल्याकडे आलाय. पुढचा नंबर तुमचा."

मशीनं एकदम थांबली. कात्री टेबलावर ठेवून ताई कडेला टेकली. मागचा सगळा कर आणि वर दंड. मशीनं विकली तरी भागलं नसतं.

काका स्टुलावरून उठले, चेनवालीच्या मशीनवर जाऊन बसले आणि चष्मा लावला.

"बाबा, काय करताय? नात्यातलं माणूस चालत नाही. तुम्हीच तर..." ती पुढे बोलली नाही.

"तुझं आडनाव वेगळं, माझं वेगळं. हा माणूस बाहेरून बदलून आलाय, त्याला काय ठाऊक? चालू करा रे मशीनं!"

तपासनीस चांगला माणूस होता, हेच खरं दुःख. वाईट असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. आल्या आल्या पाणी मागितलं, बसायला दिलेली खुर्ची नको म्हणाला आणि एकेका मशीनपाशी जाऊन तेच तीन प्रश्न विचारू लागला. नाव काय, काम काय, मालकिणीशी नातं आहे का. पहिला म्हणाला, नाही. दुसरी म्हणाली, नाही. मधेच तपासनीस ताईकडे वळून म्हणाला, "नात्याचं मला विचारावंच लागतं, ताई. ही अट ज्यानं घातली त्यानं एक भोक ठेवलेलं नाही. माझ्या मागच्या गावी अशी अट नव्हती. तिथे लबाडी चालायची हे खरं, पण गाळे तरी उघडे असायचे."

काकांनी मान मशीनमध्ये घातली. दोऱ्याचं टोक सुईत जात नव्हतं. जन्मभर केसासारखी तार गुंडाळलेल्या हातांना आज एक दोरा दाद देत नव्हता.

तपासनीस त्यांच्यापाशी आला. वय बघून जरा अदबीनं वाकला, नाव विचारून लिहून घेतलं.

"काम काय, काका?"

"चेन बसवतो."

"मालकिणीशी नातं?"

"नाही."

"लांबचंही नाही ना? विचारावं लागतं."

काकांनी मान वर केली. समोर टेबलाशी मुलगी उभी होती. तिच्या बोटाला खडू लागलेला. नववीतल्या पोरीच्या बोटाला लागायचा तसाच.

"नाही हो," काका म्हणाले. "ती माझी कुणी नाही."

तपासनीसानं आठचा आकडा घातला आणि वही मिटायला घेतली. काम फत्ते झालं होतं. पाच वर्षं वाचली होती, मशीनं वाचली होती.

"साहेब," ताई म्हणाली. "ते माझे वडील आहेत."

"पोरी!" काका ओरडले.

"बाबा, उठा तिथून." ती तपासनीसाकडे वळली. "साहेब, आज सात जण आहेत. आठव्या बाईचं पोर दवाखान्यात आहे. मीच पाठवलं तिला. ते माझे वडील आहेत."

तपासनीसानं मिटायला घेतलेली वही पुन्हा उघडली. "जरा गप्प राहिल्या असतात तर मी गेलो असतो, ताई," तो हळू आवाजात म्हणाला. "आता इतक्या जणांच्या समोर मी काय करू?" त्यानं आठ खोडून सात केले. जाताना पाण्याचा पेला स्वतः उचलून कोपऱ्यात ठेवला.

माणसं घरी गेल्यावर काकांनी तोंड उघडलं. "काय नडलं होतं तुझं? मी बोलून मोकळा झालो होतो. तुझ्यासाठीच बोललो ना?"

"ठाऊक आहे."

"मग?"

ती खाली पडलेले कॅनव्हासचे तुकडे गोळा करत होती. "माझी शाळा सुटली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. मी म्हटलं, असू दे, माझ्या बापाला बोलता येत नाही. त्याच्या मनात आहे ना, मग झालं. इतकी वर्षं तेच म्हणत आले. आणि आज माझ्याबद्दल चार माणसांत बोललात, तर हे बोललात." तिनं डोळे पुसले, त्यांना खडू लागला. "करबीर जाऊ दे, बाबा. ते ऐकून मला पुढे मशीनवर बसता आलं नसतं."

काकांना हात पुढे करावासा वाटला, पण झाला नाही.

पुढच्या बैठकीला काका सभागृहात गेले. मुलीला न सांगता गेले. तेच सभागृह, तोच माईक. त्यांनी सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही सांगितलं. अध्यक्षांनी नोंदीसाठी विचारलं, "अर्जदाराशी आपलं नातं?"

"मुलगी," काका म्हणाले. "माझी मुलगी आहे ती." कुणी विचारलं नव्हतं तरी पुन्हा म्हणाले, "माझी मुलगी आहे."

"मग अट काढून टाकायची का?"

"काढू नका. काढलीत तर पंखेवाले परत येतील. पण पोर आजारी पडलं म्हणून गेलेल्या बाईला हजर धरा. माणूस कमी झालं तर नवं शोधायला दोन महिने द्या. मी म्हटलं होतं, पाप नाही त्याला भीती नाही. चूक होतं ते. लबाडाला कसली भीती? तो भाचे सोडून दुसरे कुणी उभे करतो. भ्याली ती बिस्किटवाली पोर. तिच्या मनात पाप नव्हतं म्हणूनच तिनं विचारलं. आणि मी तिला हाकललं."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. म्हणणं नोंदवून घेतलं. नवा नियम झालाच तर पुढच्यांसाठी, मागचं माफ होणार नाही, असं अध्यक्षांनी सौम्यपणे सांगितलं.

ताईनं चार मशीनं विकून आणि उरलेल्या रकमेला हप्ते बांधून घेऊन कर भरायला घेतला. बाकीची मशीनं घेऊन ती शहराच्या हद्दीबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये निघाली. तिथे माफी नव्हती, अटही नव्हती.

"पूर्ण कर भरेन," ती म्हणाली, "पण कुणाचं पोर तापलं तर तिला घरी जाऊ देईन."

ट्रक सकाळी लागला. किल्लीवाला आणि काचवाला मशीनं चढवायला आले. काकांनीही एका मशीनला हात लावला, कुणी नको म्हणालं नाही. कामगारांपैकी तिघं तिकडे जाणार होती, बाकीच्यांना लांब पडत होतं. ही बाकीची माणसं फुटपाथवर उभी होती, हातात डबे घेऊन. आज काम नाही हे ठाऊक असूनही सवयीनं डबे भरून आणले होते. काकांना त्यांच्याकडे बघवेना.

चेनवाली पोराला कडेवर घेऊन आली. पोर बरं झालं होतं, तिच्या कानातलं ओढत होतं. ती काकांपाशी येऊन उभी राहिली आणि रडू लागली.

"काका, माझ्यामुळे झालं ना हे? मी त्या दिवशी गेले नसते तर..."

"नाही गं बाई," काका म्हणाले. "तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे झालं. ती अट माझी."

चेनवालीला ते नवं नव्हतं. सगळ्या शहराला ठाऊक होतं. तरी तिनं पदरानं डोळे पुसले आणि पोराचा हात धरून काकांच्या हातात दिला. काका तो इवलासा हात धरून उभे राहिले. ट्रक सुरू झाला.

"बाबा!" पुढून ताईनं हाक मारली. ड्रायव्हरशेजारी सरकून तिनं जागा केली होती. "येताय ना?"

काकांनी पोराचा हात सोडला आणि डबे घेऊन उभ्या असलेल्या माणसांच्या समोरून ट्रककडे चालू लागले.