मुदतवाढ

सकाळी सव्वासहाला फोन वाजला तेव्हा सुहासिनी बोरसी वस्तीतल्या आपल्या घरी डबा भरत होती. पलीकडून रुक्मा, तिच्या फर्मच्या कामगारांची मुकादम.

"बाई, गेट नहीं खुल रहा. सबका पास लाल बता रहा है."

सुहासिनीनं गॅस बंद केला. काल एकतीस मार्च होता. कंत्राट संपलं होतं.

दौलतरावांची छोटी फर्म भिलाईच्या एका खासगी कारखान्यात कोळसा वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यांखाली सांडलेला चुरा उचलायची. बत्तीस माणसं होती, निम्म्याहून जास्त बाया. ऑफिस सांभाळायला एकटी सुहासिनी, अकरा वर्षांपासून. मुदतवाढीचा अर्ज साठ दिवस आधी द्यायचा, हे कंत्राटात स्पष्ट लिहिलेलं होतं. जानेवारीतच तिनं पत्र टाइप करून दौलतरावांच्या हातात दिलं. फेब्रुवारीत विचारलं, तर ते "हो हो" म्हणाले. मार्चमध्ये दोनदा विचारलं, तर म्हणाले, "मेश्रामसायबाशी बोलणं झालं हाय. आपलाच माणूस हाय तो. तू कावून एवढं टेन्शन घेऊन राहिली?"

ती गेटवर पोचली तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. बाया डोक्यावर पदर घेऊन भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या. रुक्मा मात्र गार्डशी भांडत उभी होती. दौलतरावांची गाडी सव्वासातला आली.

"भाऊ, पत्राची पोच कुठं हाय?" सुहासिनीनं विचारलं.

"कोणती पोच?"

"जानेवारीतलं पत्र. दिल्यावर शिक्का मारून देतात ना, ते."

दौलतरावांनी कपाळावर आठ्या आणल्या, मग गाडीच्या डॅशबोर्डचा खण उघडला. टोलच्या पावत्या निघाल्या, बिस्किटांचा अर्धा पुडा निघाला आणि त्याच्याखालून पाकीट निघालं. सही केलेलं, बंद केलेलं, कारखान्याचा पत्ताही घातलेला.

"अरे! मले वाटलं, देऊन टाकलं."

सुहासिनीनं पाकीट हिसकून घेतलं आणि ती गेटबाहेरच्या कंत्राट विभागाकडे निघाली. दौलतराव मागून येत म्हणत होते, "अवं, पण मी बोलतो ना सायबाशी."

तिथले अधिकारी प्रेमानंद मेश्राम नुकतेच येऊन बसले होते. त्यांनी हात वर केले. "दौलतराव, तोंडी बोलण्यावर मी सिस्टीम कशी उघडू? कंत्राट संपलं, पास बंद. आता नवीन टेंडर. दोन महिने तरी लागतील."

दौलतराव हसले. "साहेब, तुमीच असं म्हणान तर..."

"तुम्ही जरा थांबा, भाऊ," सुहासिनी म्हणाली. तिनं पिशवीतून कंत्राटाची प्रत काढली. शहाऐंशी पानं, कडेला तिच्या हातच्या खुणा. तिनं एक पान उघडून मेश्रामांपुढे सरकवलं. काम थांबल्यास आगीचा धोका असेल, तर मुदत संपल्यावरही कंपनीच्या लेखी सूचनेनं पंधरा दिवस तेच काम चालू ठेवता येईल, असं त्यात होतं.

"कोळशाचा चुरा हाय साहेब. एप्रिल लागला. आज पट्ट्याखालून कोण उचलणार हाय?"

मेश्रामांनी ते कलम दोनदा वाचलं. "असं आहे होय यात?" ते पुटपुटले.

"सही तुमचीच हाय खाली."

सूचना निघेपर्यंत साडेदहा वाजले. गेट उघडलं. आत जाताना रुक्मानं विचारलं, "बाई, अब कितने दिन का है?" सुहासिनीनं तारीख सांगितली. इथं कामाला लागल्यापासून सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी ती सांगितली होती, असं रुक्मा म्हणाली, आणि ते ऐकून सुहासिनीला स्वतःचाच राग आला.

काम चालू आहे तोवर मुदतवाढीचा अर्ज उशिरानंही घेता येईल, हे मेश्रामांनी मान्य केलं; दुपारी ती नवा अर्ज स्वतः देऊन आली, शिक्क्याची पोच घेऊन. मग रोज पाठपुरावा. तेराव्या दिवशी सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. दौलतरावांनी ऑफिसात आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, "माझी ओळख होती म्हणून झालं."

ते तिनं कसंबसं गिळलं. दोन दिवस बसून तिनं फर्मचे सगळे कागद काढले आणि प्रत्येक कंत्राट कधी संपतं, अर्ज कधी द्यायचा, कुणी द्यायचा, ते भिंतीवर लिहून लावलं. हे करताना तिच्या ध्यानात आलं की अकरा वर्षांत तिचं स्वतःचं नेमणूकपत्रच कुणी काढलेलं नाही. तिनं ते टाइप केलं. साताठ ओळींचं. कागदपत्रांची जबाबदारी तिची, आणि तिच्या सहीशिवाय ऑफिसातून कोणतंही पत्र जाणार नाही.

दौलतरावांपुढे ठेवलं. ज्या माणसानं कंत्राटाची शहाऐंशी पानं न उघडता सही केली होती, त्यानं खिशातून चष्मा काढला.

"ठेव. आधी नीट वाचू दे मले," ते म्हणाले. "असं कसं, न वाचता सही करू?"

वाचायला त्यांना चार दिवस लागले.