खोडात रुतलेली तार

मित्रांनो, मी एक जुने व्हायबर्नम, म्हणजे सुवासिक फुलांचे झुडूप, आहे, आणि ही हकीकत मला बर्फ पडायच्या आत सांगून संपवायची आहे. त्यानंतर सांगायला मी असेन याची खात्री नाही. आज मला पाहिलेत, तर तुम्ही मला झुडूप म्हणणार नाही. जमिनीवर अर्धी वीत उंच खुंट आणि त्याच्या बाजूने फुटलेला पेन्सिलीएवढा कोंब, एवढेच माझे उरले आहे.

अकरा वर्षांपूर्वी वर्ना हॉस्टेटर आणि तिचा नवरा हार्लन मला नर्सरीतून घेऊन आले. पेनसिल्व्हेनियाच्या या टेकड्यांत घरामागे लगेच रान सुरू होते, आणि रानातली हरणे संध्याकाळी अंगणात उतरतात. त्यांनी वर्नाचे ट्यूलिप खाल्ले, गुलाब खाल्ले, शेवटी कुंडीतली पालेभाजीही खाल्ली. त्यातच तिची नजर अंधूक होऊ लागली होती. डोळ्यांनी नाही तर नाकाने ओळखता येईल, आणि हरणे खाणार नाहीत, असे फूल तिला हवे होते. मी तसे होते. माझी पाने खरखरीत, लवदार. माझे घोस वसंतात पांढरे होतात आणि त्यांना लवंगेसारखा वास येतो.

माझ्या खोडाला बारीक तारेने प्लास्टिकची एक पट्टी बांधलेली होती. तिच्यावर दोन गोष्टी छापल्या होत्या. हरणे सहसा खात नाहीत. वर्षभरात रोप मेल्यास ही पट्टी दाखवून नवे न्यावे.

"पट्टी काढू नकोस," हार्लन म्हणाला. "मेलं तर हीच दाखवायची आहे."

"अजून खड्डा खणला नाहीस, तोवर मारलंस?" वर्ना म्हणाली.

पट्टी राहिली. वर्ष संपले, तरी राहिली.

पहिली चार वर्षे सुखाची गेली. वर्नाच्या खिडकीखाली मी खांद्याएवढे वाढले. एप्रिलअखेर ती खिडकी उघडी टाकून बसे. टपाल टाकणारी बाई विनाकारण दोन मिनिटे थांबे. हरणे आली, त्यांनी एक पान चावले, थुंकले आणि गेली. ती माझी शत्रू कधीच नव्हती, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे.

पाचव्या वर्षी तार काचू लागली. मी जाड होत होते, तार होती तेवढीच. आधी ती सालीला टेकली, मग सालीत शिरली. पानांनी केलेले अन्न मुळांकडे जाईना. तारेच्या वर खोड सुजले, खाली ते बारीकच राहिले. शेवटी सालीने तार गिळली आणि बाहेर पट्टीचे एक पांढरे टोक तेवढे राहिले. मला ओरडता येत नाही. मला जे करता येत होते ते मी केले. ऑगस्टमध्येच पाने लाल केली, फांद्यांची टोके वाळवली, घोस कमी केले. यापेक्षा मोठ्याने झाड बोलू शकत नाही.

हार्लनने ते पाहिले आणि हरणांना दोष दिला. वासाने हरणे लांब राहावीत म्हणून त्याने जुन्या मोज्यांत साबणाच्या वड्या घालून माझ्या फांद्यांना टांगल्या. अंड्याचे नासके पाणी फवारले. गेल्या वसंतात जे थोडे घोस आले, त्यांचा वास त्या साबणाखाली दबला.

"फुललं का रे?" वर्नाने खिडकीतून विचारले.

"फुललंय."

"मग वास कसा येत नाही?"

"वारा उलटा आहे."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारले. "आजही उलटाच?"

"आजही."

तिने कॉफीचा डबा उघडून नाकाशी धरला आणि बराच वेळ तशीच बसली. खिडकीखाली उभे राहून मी ते पाहिले. त्या दिवसाइतके असहाय मला कधी वाटले नाही.

या वसंतात एकही घोस आला नाही. तरी हार्लन म्हणालाच, "फुललंय." तेव्हा वर्ना काठी टेकत स्वतः खाली आली आणि माझ्या फांद्या चाचपू लागली. हाताला काटक्या आणि साबण लागले.

"फूल कुठं आहे, हार्लन?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला वाटलं, डोळ्यांपाठोपाठ नाकही चाललं. वर्षभर तेच वाटत होतं."

तिची बोटे खोडावरून उतरत सुजेपाशी थांबली, मग त्या पांढऱ्या टोकापाशी.

"हे काय आहे?"

"ती पट्टी. वॉरंटीची."

"वॉरंटी किती वर्षांची होती?"

"एक."

"बरी जपलीस," ती म्हणाली.

त्याने पक्कड आणली. पण तार आत खोल गेली होती, आणि वरचे सारे वाळले होते. शेजारची डेल्फा कुंपणापाशी आली. "जमिनीसरशी काप," ती म्हणाली. "खालून फुटेल."

फुटले असते, पण मी नाही. मी कलमी आहे. माझी मुळे नर्सरीवाल्यांनी दिलेली, दुसऱ्याच जातीची. तिच्या फुलांना माझा वास नाही. जमिनीलगत कलम जिथे जोडले, त्या सांध्याखालून जे उगवेल, ते तीच असेल. सांध्याच्या वर आणि तारेच्या खाली बोटभर खोड तेवढे माझे होते, आणि त्यावर कोंब फुटायचा एकच डोळा जिवंत होता.

हार्लनने करवत मातीला टेकवली.

"थांब," वर्ना गुडघ्यांवर बसली. "नर्सरीवाला सांध्याबद्दल बोलला होता. तो कुठं आहे ते बघू दे." तिने सांधा चाचपला, मग त्यावरचा तो डोळा, आणि त्यावर अंगठा ठेवला. "माझ्या अंगठ्याच्या वर काप."

"बोट कापेन तुझं."

"मग नीट बघून काप. तुला दिसतं ना?"

त्याने कापले. दहा मिनिटे लागली. तिने अंगठा हलवला नाही.

आता ऑक्टोबर आहे. कोवळ्या कोंबाला हरणेही सोडत नाहीत, म्हणून भोवती जाळी आहे, माझ्यापासून हातभर लांब. फुलायला मला तीन वर्षे लागतील. वर्ना एक्याऐंशी वर्षांची आहे. ती रोज सकाळी येते, वाकते, माझी दोन पाने चिमटीत धरते आणि विचारते, "आहेस ना?" मला उत्तर देता येत नाही. मी फक्त पाने गाळायची लांबवते आहे.

मित्रांनो, तुमच्या अंगणात, शाळेत, रस्त्याकडेला एखादे झाड असेल. त्याच्या खोडाभोवती बोट फिरवून पाहा. चिठ्ठी, सुतळी, तार, जे कोणी प्रेमाने बांधले असेल, ते सोडा. आजच सोडा. माझी अकरा वर्षे कोणाच्या रागाने गेली नाहीत, उद्या बघू म्हणत गेली.