गुडघ्याखालची उशी

"दादा, ती उशी काढा," काचेपलीकडून नव्या डॉक्टर मॅडमचा आवाज आला.

दादांनी कानाडोळा केला. एमआरआयच्या टेबलावर त्यांची धाकटी बहीण आडवी झाली होती, याच इस्पितळात वॉर्डात नर्स असलेली. तिच्या गुडघ्याखाली त्यांनी एक जाड उशी सरकवली होती.

बावीस वर्षं मशीन चालवून दादांना आपल्या हाताचा भारी तोरा होता. पेशंटचा चेहरा बघून ते ठरवत, कुणाला जाड उशी, कुणाला पातळ, कुणाचा पाय जरा बाहेर वळवलेला. पेशंट दुवा देत. मॅडमनी मात्र येताच सगळ्यावर पाणी फिरवलं. प्रत्येक गुडघा एकाच साच्यात, एकाच कोनात. आणि नव्या झटपट पद्धतीनं चाळीस मिनिटांचं काम सहा मिनिटांत. "सहा मिनिटांत मला माझा चष्मा सापडत नाही, यांना गुडघ्यातलं सगळं सापडणार!" असं दादा म्हणाले तेव्हा अख्खा विभाग खिदळला होता.

"काढ रे बाबा," बहीण वैतागली. "माझे पेशंट खोळंबलेत."

दादांनी नाइलाजानं उशी काढली. सहा मिनिटांनी मॅडमनी त्यांना आत बोलावलं. एका पडद्यावर आजचा गुडघा होता, दुसऱ्यावर मागच्या तीन वर्षांचे तीन.

"आतल्या बाजूची कूर्चा बघा. हाडावरची ही गादी निम्मी झिजलीय."

"पण तिन्ही रिपोर्टांत 'विशेष फरक नाही' असंच होतं, मॅडम."

"फरक कळणार कसा? दर वेळी गुडघा वेगळाच वाकलाय. एकाच जागेची जाडी दोनदा मोजता येत नाही. दरवर्षी सारखा ठेवला असता, तर झीज सुरुवातीलाच दिसली असती. कुणी काढलेत हे?"

"मी," दादा म्हणाले.

मॅडम पुन्हा पडद्याकडे वळल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन वर्षांपूर्वी बहिणीला रेकॉर्ड विभागातलं बसून करायचं काम देऊ केलं होतं. गुडघा तेव्हाच कुरकुरत होता. "दादा, घेऊ का? खरं सांग," तिनं विचारलं होतं. वर्षभराच्या अंतरानं काढलेले दोन रिपोर्ट घेऊन हे महाशय म्हणाले होते, "ठणठणीत आहेस. खुर्चीवर बसून गंजशील." तिनं नकार कळवला, खुर्ची दुसरीला गेली. तिसऱ्या रिपोर्टनंतरही तिनं गुडघ्याचं विचारलं, उत्तर तेच. आणि बहीण म्हणून दर वेळी तिच्यासाठी आणखी जाड उशी शोधली होती.

वय झालं म्हटलं असतं, तर तिनं मुकाट मान डोलावली असती. मॅडमही चारचौघांत वाच्यता करणाऱ्या नव्हत्या. ही पळवाट दादांना अगदी स्पष्ट दिसली, आणि तिचा मोहही झाला. मग ते बाहेर आले. बहीण बाकावर बसून बूट घालत होती.

"गुडघा बराच झिजलाय," ते म्हणाले. "आधीच कळलं असतं. मी दर वेळी गुडघा वेगळा ठेवला, म्हणून कळलं नाही. मॅडमचा दोष नाही, मशीनचा नाही. माझा."

तिनं हातातली नाडी सोडली. "म्हणजे ती खुर्ची..."

"घ्यायला हवी होतीस."

"मी तुला विचारलं होतं, दादा."

"हो."

"रोज तीन-तीन मजले चढले मी. दुखायचं, तरी म्हणायचे, दादा सांगतोय ना, मग काही नाही."

दादांना कुठे बघावं कळेना. ते खाली वाकले आणि तिच्या बुटाची नाडी बांधायला लागले. लहानपणी कितीदा बांधली असेल! तिनं पाय हळूच मागे घेतला. मग दात आवळून स्वतःच वाकली, एक नाडी बांधली, दम घेतला, दुसरी बांधली.

"ऊठ," ती म्हणाली. "पुढच्याला आत घे. लोक ताटकळलेत."

आणि भिंतीचा आधार घेत ती वॉर्डाकडे चालू लागली.