मदत बोलावली आहे

बाबा गेले. हे वाक्य वाचलंच नाही असं धरा. बाबा ठणठणीत आहेत, सोफ्यावर आडवे झालेत आणि दादा त्यांची नाडी बघतोय.

"रुग्णाचं नाव?"

"तुझा बाप."

"वय?"

"तुझ्या शिक्षणापायी दुप्पट झालंय."

दादा आरोग्यविज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. ही पदवी घेऊन नक्की काय होतात, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. "म्हणजे डॉक्टर?" मावशी विचारायची. नाही. "मग नर्स?" तेही नाही. "पाया आहे गं तो," आई म्हणायची, "पुढं काहीही होता येतं." त्यावर बाबा म्हणायचे, "पाया खणून झालाय. आता त्यात पडायचं कुणी, एवढंच ठरायचंय."

कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेला रबराचा माणूस असतो आणि वेळ कमी असतो. म्हणून निम्म्या गोष्टी करायच्या नसतात, नुसत्या मोठ्यांदा सांगायच्या असतात. "मी हात धुतले आहेत." सर मान डोलावतात, गुण देतात. "मी मदत बोलावली आहे." सर म्हणतात, "बोलावली. पुढे." छाती तेवढी खरोखर दाबावी लागते. दादा यात वर्गात पहिला. घरीसुद्धा जेवायला बसताना तो "मी हात धुतले आहेत" असं जाहीर करायचा आणि आई त्याला कान धरून बेसिनकडे न्यायची.

मग एका दुपारी नखं कापता कापता बाबा खुर्चीतून घसरले, ते उठेचनात. आम्हाला वाटलं, दादाच्या सरावासाठी नाटक चाललंय. आई म्हणालीसुद्धा, "पुरे आता, चहा गार होतोय."

दादाला मात्र बघताक्षणी कळलं. त्याने बाबांना सपाट झोपवलं आणि शेजारी गुडघे टेकले. आवाज एकदम स्वच्छ. "परिसर सुरक्षित आहे. रुग्ण प्रतिसाद देत नाही. मी मदत बोलावली आहे." आणि छाती दाबायला लागला. कोपरं ताठ, लय पक्की.

मदत बोलावली म्हटल्यावर आमचा जीव थोडा भांड्यात पडला. स्ट्रेचरला वाट हवी म्हणून आईने एकटीने चपलांचं कपाट सरकवलं. मी धावत कोपऱ्यावर गेले आणि येईल त्या गाडीला हात करत राहिले. एक फर्निचरचा टेम्पो तेवढा थांबला. रुग्णवाहिका काही येईना, तशी परत पळाले.

"दादा, कुठं अडकलीये ती? नंबर दे तिचा."

त्याने मान वर केली. हात थांबले नाहीत. तो माझ्याकडे असा बघत होता, जसं काही आता मीच म्हणायचं होतं, बोलावली, पुढे.

त्याचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता.

मी फोन केला आणि रुग्णवाहिका लगेच आली. हा भाग मला अजून पचत नाही. तिच्यातल्या माणसाने बाबांना तपासलं. मग दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाबत उत्तम होतास. पण आम्हाला इतक्या उशिरा का रे सांगितलं?"

"बोलावली होती," आई त्याला समजावत होती. "सगळ्यात आधी बोलावली होती त्याने."

दादा परीक्षेत पहिला आला. निकालाच्या दिवशी त्याने विभागप्रमुखांना अर्ज दिला. शेवटचं वाक्य असं:

"सबब, सदर विद्यार्थ्याचे गुण रद्द करून, त्यास त्याच रुग्णावर, त्याच दुपारी, पुनर्परीक्षेची एक संधी देण्यात यावी, ही नम्र विनंती."