डनबीची मुकी मार्था

मी एक जुनी फळी आहे. चार बोटं रुंद, माणसाएवढी लांब, जातीची मेपल. फळीला कसली आलीय भीती, असं तुम्हाला वाटेल. पण मित्रांनो, मी जन्मभर भीतच आले आहे. आधी करवतीला भ्याले, मग पाण्याला, आणि शेवटी एका बाईच्या डाव्या पायाला. तो पाय अजून रोज येतो.

मी मूळची मिशिगनच्या जंगलातली. माझं झाड एवढं थोरलं होतं, की एका अंगाला बर्फ पडत असायचा तेव्हा दुसऱ्या अंगाला खारी ऊन खात बसलेल्या असायच्या. खोटं वाटत असेल तर त्या खारींना विचारा. पुढे करवत माझ्या अंगावरून गेली. मी किंचाळले, पण तिथे सगळेच किंचाळत होते, कोण कुणाचं ऐकणार? तिथून मी इंडियानात, डनबी गावच्या शाळेच्या जिममध्ये आले आणि बास्केटबॉलच्या मैदानात ठोकली गेले.

डनबीत माणसं नऊशे आणि जिममध्ये बसायची सोय दोन हजारांची. सामना असला की गावाला कुलूप. म्हणतात, एकदा चोर आले ते आधी स्कोअर विचारायला थांबले आणि शेवटी सामना बघूनच हात हलवत परत गेले.

माझं दैव फिरलं ते छपरामुळे. वर साचलेला बर्फ वितळला की नेमका माझ्यावर ठिपकायचा. पाणी फटीतून आत मुरलं आणि माझ्या पोटाखालचा टेकू कुजू लागला. वरून मी आरशासारखी, खालून पोकळ. चेंडू माझ्यावर आपटला की उसळायचा नाही. बद्द आवाज करून तिथेच बसायचा.

शाळेची झाडलोट आणि डागडुजी करणारा व्हर्जिल हातोडा घेऊन आला. मुलींच्या संघाचा कोच आडवा आला.

"राहू दे रे. किती गुणाची फळी आहे ती. पाहुण्या पोरींना हळूच तिच्यावर ढकलत न्यायचं. चेंडू मेला की आपला."

झालं. गावाने माझं नाव ठेवलं मुकी मार्था. परगावच्या संघाचे चेंडू मी गिळायचे आणि नऊशे माणसं पाय आपटून माझा जयजयकार करायची. सारं गाव जाणून होतं, पण बाहेरच्यांपुढे अळीमिळी गुपचिळी. खरं सांगते मित्रांनो, मला ते कौतुक गोड लागलं. लाकूड आतून भुसा होत होतं आणि मी फुगत होते.

त्याच काळात संघात डार्ला किंझर आली. डुकरं पाळणाऱ्याची पोर, हाताने लांब, बोलण्यात आखूड. ती उडी मारायची तेव्हा बँडवाल्यांचं अर्धं गाणं वाजवून व्हायचं, मग ती खाली यायची. 'आमच्याकडे खेळायला ये' म्हणणारी मोठमोठ्या कॉलेजांची पत्रं तिच्या दारी पडू लागली. दर सामन्याआधी ती डाव्या पायाच्या अंगठ्याने मला टोचून म्हणायची, "मार्थे, माझ्या वाटेत येऊ नकोस हं."

एक्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात, हिवाळा लागताच, मला माझ्या खालचा टेकू सरकताना जाणवू लागला. मी घाबरले. करकर करून सांगू लागले, तर बाकांवरची माणसं हसली. "बघा, मुकीला वाचा फुटली." व्हर्जिल एकटा हसला नाही.

"कोच, खाली भुगा झालाय. कुणाचा तरी पाय जाईल."

"गेला तर पाहुण्यांचा जाईल. आपल्या पोरींना ठाऊक आहे ती कुठे आहे ते. मोसम संपू दे, मग ठोक."

फेब्रुवारीत विभागीय फेरीचा शेवटचा सामना आमच्याकडेच होता. गोल्सबी गावच्या एकवीस नंबरच्या मुलीला आमच्या पोरींनी बरोबर माझ्यावर आणलं. चेंडू पडला, बद्द वाजला, बसला. डार्लाने झेप घेतली. तिची नजर चेंडूवर होती, जमिनीवर नव्हती. मी मनात म्हणत होते, इथे नको, पोरी, इथे नको. डावा पाय माझ्यावर उतरला आणि मी दोन बोटं खाली गेले.

गुडघ्याचा आवाज माझ्याइतका जवळून कुणीच ऐकला नाही. सुकी काटकी मोडावी तसा. डार्ला पडताना त्या एकवीस नंबरच्या मुलीने तिचा दंड घट्ट धरला होता. बाकांवरून दिसला तो फक्त हात.

दुसऱ्या दिवशी व्हर्जिल एकटा आला. मला उचकटलं, खाली नवा टेकू घातला, माझ्या पोटावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, आणि बाकीच्या फळ्यांना खिळे असताना मला तीन स्क्रू पिळून बसवलं. तेव्हापासून चेंडू माझ्यावर सगळ्यांसारखा उसळू लागला. पत्रं यायची थांबली. डार्ला पुन्हा खेळली नाही.

आणि गाव? गावाने ठरवून टाकलं की एकवीस नंबरने ढकललं. गावचा न्हावी वेंडेल ते दर गिऱ्हाईकाला सांगायचा, आणि हातात वस्तरा असल्यावर कोण वाद घालतो? दर फेब्रुवारीला डार्लाचे चाहते जिममध्ये जमायचे, साईची गोड पेस्ट्री खायचे, आठवणी काढायचे. दरवर्षी तिची उडी वीतभर वाढायची आणि एकवीस नंबरचा धक्काही. माझं नाव मात्र कुणी काढत नव्हतं. मी पायांखाली दबून थरथरत असायचे. कुणी ते तीन स्क्रू मोजले तर? कुणी मला उलटं केलं तर? चाळीस वर्षं, मित्रांनो. व्हर्जिल गेला, कोच गेला, भीती राहिली.

मग जिम पाडायचं ठरलं. फळ्यांचे तुकडे करून आठवण म्हणून वाटायचे होते; सारं गाव जमलं. वेंडेल म्हणाला, "पहिली फळी डार्लाला. जिथे तिला पाडलं, तीच."

ती आली. केस पिकलेले, पाय ओढत. मला वाटलं, करवतीने आत्ताच माझे तुकडे करावेत. तिने न विचारता डावा पाय माझ्यावर ठेवला.

"मार्थे," ती म्हणाली. मग वेंडेलकडे वळली. "काढ हिला."

स्क्रू फिरले. मी पालथी झाले. चाळीस वर्षांनी माझ्या पोटावर उजेड पडला. वेंडेलने चष्मा वर ढकलून मोठ्याने वाचलं.

'हे नोव्हेंबरमध्येच करायला हवं होतं. पोरी, माफ कर. व्हर्जिल.'

वेंडेल डार्लाकडे वळून म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"पाय माझा होता, वेंडेल."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्हालाही सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीतरी एक जण बोलेल म्हणून वाट बघत राहिले." ती काठीवर रेलली. "त्या एकवीस नंबरवालीचं नाव सांग."

वेंडेलने इकडे तिकडे पाहिलं. एवढी माणसं, पण नाव कुणालाच येईना.

"कॅरल व्हिटमर. दर नाताळला तिचं कार्ड येतं मला. तिने दंड धरला म्हणून डोकं वाचलं माझं. फोन काढ. आणि ज्या आवाजात चाळीस वर्षं सांगितलंस ना, त्याच आवाजात आता हे सांग."

वेंडेलने नंबर दाबला. एवढा बोलका माणूस, पण दोनदा सुरुवात करून अडखळला. तिसऱ्यांदा म्हणाला, "बाई, मी डनबीचा न्हावी बोलतोय. आम्ही तुमच्याबद्दल खोटं बोललो."

मला कुणी कापलं नाही. डार्लाने मला घरी नेऊन स्वयंपाकघराच्या दाराला उंबरठा म्हणून बसवलं. खाली ओकचा अख्खा ओंडका घातला आहे, स्क्रू तीन नव्हे, नऊ. रोज सकाळी ती कॉफीचा कप घेऊन अंगणात निघते, डाव्या पायाच्या अंगठ्याने मला टोचते आणि अंगावर भार टाकते. मी मजबूत आहे हे मला ठाऊक आहे. तरीही दर सकाळी मी श्वास धरून बसते, तिचा पाय पलीकडे पडेपर्यंत.

मित्रांनो, तुमच्या पायाखाली कुठे काही करकरलं तर हसू नका. वाकून बघा. ते भ्यायलेलं असतं, आणि त्याला तेवढंच बोलता येतं.